पिशवी संपेपर्यंत

कर्र करत एक स्टूल फरशीवरून ओढलं गेलं, आणि आतल्या खोलीत शिंपीकाकांचा हात जागच्या जागी थबकला.

तोवर घर असं गप्प होतं, जणू आत कुणाची परीक्षा चालली आहे. होतीच म्हणा. काका पहिल्यांदाच आपल्या घरात, आपल्या हातांनी, आपल्या पोटातून बाहेर आलेल्या नळीला पिशवी जोडणार होते. खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडावर मास्क, हात घासून घासून धुतलेले. सिस्टर समोर उभी होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून. ती तिची पद्धतच होती. पहिल्या दिवशी नर्सचा हात पुढे आला की पेशंटचा हात कायमचा मागे जातो, असं ती नव्या मुलींना सांगायची.

"गुंडी आली वाटतं ड्युटीवर," काका मास्कच्या आतून पुटपुटले.

सिस्टरने ओठांवर बोट ठेवलं. तिच्याही तोंडाला मास्क होता, त्यामुळे बोट कापडावरच टेकलं. काकांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. नळीचं टोपण काढलं आणि सुईत दोरा ओवावा तसं एका दमात टोक टोकात घातलं, फिरवून घट्ट केलं. क्लिप उघडली. जमिनीवरच्या रिकाम्या पिशवीत पिवळसर पाणी उतरायला लागलं, तसं त्यांनी सिस्टरकडे बघून भुवया उडवल्या. काय, बसलं की नाही फिटिंग?

दाराबाहेर कुणीतरी कुणाला तरी दटावत होतं. "बाबा, हळू बोल ना. आत काम चाललंय."

गुंडी म्हणजे काकांची नात. दुसरीत होती. दुकानात सांडलेल्या गुंड्या वेचत वेचत मोठी झाली, म्हणून काकांनी ठेवलेलं हे नाव. शेजाऱ्यांना वाटायचं, पोरगी गुंडगिरी करते म्हणून हे नाव पडलं असेल, आणि तिचा दरारा बघता त्यांचंही काही चुकत नव्हतं.

हे घर इथवर यायला फार दिवस लागले होते. त्याआधी काका आठवड्यातून तीनदा रुग्णालयात मशीनवर झोपायला यायचे आणि पिळून काढलेल्या कपड्यासारखे घरी जायचे. एक अख्खा दिवस मशीनचा, दुसरा त्या दिवसातून सावरण्याचा, की लगेच पुन्हा मशीन. दुकान मुलाने बंद केलं होतं. शिलाई मशीन उचलून घरी आणलं होतं, त्याच्यावर चादर टाकली होती. डॉक्टर म्हणाले, पोटातून डायलिसिस करा, घरच्या घरी होईल, माणूस माणसात राहील. म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. पुढचं काम सिस्टरचं.

सिस्टरचं कामच ते. औषध द्यायचं नाही, सुई टोचायची नाही. घराला वळवायचं आणि वळलेलं घर पुन्हा मागे फिरू द्यायचं नाही. पहिलं तसं सोपं. भीती घातली की कुणीही वळतं. पण महिनाभरात एखादा सण-समारंभ येतो, पाहुणे येतात, कुणाचं तरी कुणाशी वाजतं, आणि सगळी शिस्त हळूहळू माळ्यावर जाऊन बसते. मग पोटात जंतू जातात, ताप येतो, आणि घर हात झटकून मोकळं होतं. आम्हाला काही जमायचं नाही हो, आपलं मशीनच बरं. अशी बरीच घरं सिस्टरने मागे फिरताना पाहिली होती. त्यातून तिने आपली एक युक्ती काढली होती. घरातल्या प्रत्येकाला एक काम द्यायचं, आणि प्रत्येक कामाला एकच नियम. त्या नियमाला "पण" लावायचा नाही. "पण" लावला की माणसं नियम विसरतात आणि "पण" तेवढा लक्षात ठेवतात.

काकांच्या घरी ती पहिल्यांदा गेली तेव्हा काकू पदराशी चाळा करत दारातच उभ्या राहिल्या होत्या.

"सिस्टर, घराचा दवाखाना करायचा म्हणता? मला तर साधं इंजेक्शन बघितलं तरी डोळे मिटावे लागतात."

"मिटा की. तुम्ही फक्त पिशवी कोमट करायची. डोळे मिटूनसुद्धा होईल."

"आणि चुकलं काही म्हणजे? पोट आहे ते माणसाचं, उशीचा अभ्रा नाही."

"अगं, तू गप," काका आतून म्हणाले. "आयुष्यभर लोकांची पोटं मापली मी. कुणाचं किती सुटलंय, कुणी श्वास आत ओढून धरलाय, सगळं मला कळतं. माझ्या पोटाचं मी बघतो." मग सिस्टरकडे वळून जरा खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "ओवायचंच आहे ना? भोक मोठं आहे तसं."

त्यांच्या हातांची सिस्टरला काळजी नव्हतीच. दोन वेळा दाखवलं, तिसऱ्या वेळी त्यांनी तिलाच एक बारीकसा वळसा दाखवला, ज्याने टोपण निसटत नाही. त्यांचं घोडं अडलं ते भलतीकडेच.

"दार लावून बसायचं?" काका म्हणाले. "एकट्याने?"

"हो काका. अर्धा-पाऊण तास. दिवसातून चारदा."

"सिस्टर, मी जेवताना दुकानाचं दार लावलं नाही कधी. मुलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशीही उघडं होतं. समोर कुणी बडबडत असलं की माझे हात चालतात. तोंड बंद झालं की शिलाई वाकडी जाते माझी." हे सांगताना ते हसत होते, पण नजर चादर टाकलेल्या मशीनवर होती. "बाकी सगळं करतो. तेवढं दाराचं बघा."

सिस्टरने दाराचं बघितलं. खरं म्हणजे दार लावायचं ते नळी जोडताना आणि सोडताना. ती दोन-चार मिनिटं जिवावरची. मधला सगळा वेळ पाणी उतरतं आणि चढतं, बस. तेव्हा कुणी मास्क लावून शेजारी येऊन बसलं तरी काही बिघडत नाही. हे सिस्टरला पाठ होतं. पण जोडताना लावा, मग उघडा, मग सोडताना पुन्हा लावा, हे सांगितलं की काय होतं तेही तिला पाठ होतं. आधी दार अर्धवट लागतं. मग लागतच नाही. मग कुणीतरी चहाचा कप घेऊन नेमकं टोपण उघडं असताना आत शिरतं. आधी घडी बसू दे, असा तिने विचार केला. "पण" नंतर सांगता येईल.

मग तिने इकडेतिकडे पाहिलं. कपाटाच्या आडून दोन डोळे सगळं टिपत होते.

"इकडे ये गं. तुला काम देऊ का एक? मोठ्या माणसांना जमत नाही असं?"

गुंडी पुढे आली. हात मागे बांधून, अगदी सिस्टरसारखे.

"आजोबा दार लावून आत गेले, की पिशवी संपेपर्यंत कुणी आत जायचं नाही. आजी नाही, आई नाही, बाबा नाही. कोणी आत गेलं तर जंतूही जातात, आणि आजोबा आजारी पडतात. दार सांभाळायचं काम तुझं."

"आणि मी? मी जाऊ आत?"

"तू तर नाहीच. दारावरचंच माणूस आत गेलं तर दारावर कोण?"

गुंडीला ते एकदम पटलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं की काकूंचेही डोळे भरून आले. काका म्हणाले, "झालं. आता दुकानाला दारही आलं आणि दरवानही." आणि ते तयार झाले.

त्यानंतर घर इतकं सुरळीत चाललं की सिस्टरला भेटीला जायचं कारणच उरेना. काकू घड्याळ न बघता पिशवी कोमट करायला लागल्या. सून शाळेत शिकवायची. ती घरी आल्या आल्या खोलीची फरशी पुसून घ्यायची. मुलगा जुन्या पिशव्या, खोकी, कचरा बघायचा. काकांच्या पायांची सूज उतरली, तोंडाला चव आली. मशीनवरची चादर निघाली. गुंडीला त्यांनी एक फ्रॉक शिवला आणि त्याला पुढे उगाचच एकाऐवजी दोन खिसे लावले. "एक तुझा, एक माझा," म्हणाले. त्यांच्या खिशात ती रोज काही ना काही टाकून ठेवायची. पेन्सिलीचा तुकडा, खडा, कधी आपला पडलेला दात.

रुग्णालयात डॉक्टर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "सिस्टर, तुमच्या घरांचं टिकतं हो. काय करता काय?" सिस्टरने गुंडीची गोष्ट सांगितली. खोलीतले सगळे कौतुकाने हसले. पुढच्या घरी तिने तीच गोष्ट सांगितली, त्याच्या पुढच्याही घरी. गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झाली. शाळेतून धावत येऊन दारावर बसणारी मुलगी. ऑफिसची फाईल घ्यायला आलेल्या बापाला "आत पिशवी आहे, थांबावं लागेल" म्हणून परत पाठवणारी मुलगी. बाप थांबला, हे ऐकलं की लोक जास्तच हसायचे.

एका भेटीत सून म्हणाली, "सिस्टर, परवा मैत्रिणीचा वाढदिवस होता, ही गेलीच नाही. म्हणते, संध्याकाळची पिशवी आहे. आम्ही म्हटलं, आजी बसेल दारावर. तर म्हणते, आजीला झोप लागते."

"लागतेच मला," काकू म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू?"

सगळे हसले. सिस्टरही. तिने गुंडीची पाठ थोपटली. गुंडी त्या थोपटण्याखाली अशी ताठ उभी राहिली, की नंतर कितीतरी दिवस सिस्टरच्या तळव्याला ती पाठ आठवत राहिली.

निघताना काका तिला सोडायला दारापर्यंत आले. पायात चपला घालताना ती ओणवी झाली होती, तेव्हा ते म्हणाले, "सिस्टर, पोरीला जरा ढील द्या."

"का हो? मस्त करतेय की."

"मस्त करते. अती मस्त करते. आधी मी आतून गोष्ट सांगायचो, ती बाहेरून हुंकार द्यायची. वेळ बरा जायचा. आता हुंकार पण देत नाही. म्हणते, मास्क लावल्यावर बोलायचं नसतं. पहिल्या दिवशी तुम्ही ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलंत, ते मीच तिला हसत सांगितलं होतं." ते थोडं थांबले. "मी आत, ती बाहेर. मध्ये दार. दोघंही भिंतीसारखे गप्प."

"काका, असा पहारेकरी मला प्रत्येक घरात हवाय बघा."

"हो, तेही खरंच," काका म्हणाले. "मला मात्र कधीकधी नको वाटतो." आणि हसले.

त्या हसण्याने वाक्य हलकं झालं, आणि हलकं झालं म्हणून सिस्टरने ते उचललं नाही. तिला कळलं नाही असं नव्हतं. आता या घराला "पण" सांगायला हरकत नाही, एवढं तिच्या मनात आलं होतं. दार जोडताना लावा, सोडताना लावा, मधे गुंडीला मास्क लावून आत बसू द्या. दोन वाक्यांचं काम. पण इतकं छान बसलेलं आहे, आता कशाला हलवा. पुढच्या खेपेला निवांत सांगू. तिने दुसऱ्या चपलेचा पट्टा लावला आणि जिना उतरली.

तिचाही एक मुलगा होता, बालवाडीतला. त्याच सुमारास एका संध्याकाळी ती त्याला भरवत होती आणि एका पेशंटच्या बायकोचा फोन आला. "मी येईपर्यंत इथून उठायचं नाही हं," असं बजावून ती बाल्कनीत गेली. बाई घाबरलेली होती, फोन लांबला. परत आली तेव्हा मुलगा खुर्चीतच होता. चड्डी भिजलेली, खुर्चीखाली थारोळं, आणि तोंडावर एक विचित्र शूर भाव. "मी उठलो नाही," तो म्हणाला. तिने त्याला तसाच ओला उराशी धरला. वेडा रे माझा, तसं नव्हतं म्हणायचं मला, असं त्याच्या केसांत तोंड खुपसून ती किती वेळ सांगत राहिली. त्या क्षणी तिला गुंडी आठवली. अगदी स्पष्ट आठवली. मग मुलाचे कपडे बदलायचे होते, फरशी पुसायची होती, कुकर लावायचा होता. गुंडी मागे पडली.

फोन आला तो काकांच्या मुलाचा. सिस्टर दुसऱ्या एका घरी, दुसऱ्या एका काकूंना पिशवी कोमट कशी करायची ते दाखवत होती.

"सिस्टर, बाबा गेले."

काही क्षण तिला वाटलं, काका कुठे बाहेर गेले आहेत.

मुलगा आवाज सांभाळून सांगत होता. दुपारची पिशवी. शाळेला सुटी, त्यामुळे गुंडी घरीच. आई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेली. खाली आली तेव्हा गुंडी दारावर. आईने विचारलं, झालं का? गुंडी म्हणाली, नाही. आई घड्या घालत बसली. तिला वाटलं, आज पाणी सावकाश उतरतंय. कधीकधी उतरतं तसं. मग फारच उशीर झाला म्हणून आई उठली, तर गुंडी आडवी हात पसरून उभी. आई पुन्हा बसली. शेवटी तिलाच राहवेना, तिने दार लोटलं. बाबा खुर्चीत एका बाजूला कलले होते. नळी तशीच जोडलेली, पिशवी केव्हाच रिकामी.

"हृदय बंद पडलं म्हणाले. रुग्णालयात नेलं, पण काही उरलंच नव्हतं."

"लवकर..." सिस्टरच्या तोंडून निघालं आणि तिने ते तिथेच गिळलं.

"विचारलं मी," मुलगा म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. दहा मिनिटं आधी कळलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं. कदाचित नसतं." मग घाईघाईने म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्यामुळे ते घरात राहिले शेवटपर्यंत. मशीनवर नाही गेले."

हे वाक्य पुढे काकूंनीही म्हटलं, सुनेनेही म्हटलं. सिस्टर भेटायला गेली तेव्हा त्यांनी तिला पाणी दिलं, चहा दिला, तिचा हात हातात धरला. शिल्लक राहिलेली खोकी मुलाने नीट रचून ठेवली होती, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील म्हणून. कुणी तिला एक वाकडा शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला खोकी मोजताना वाटलं. आकडा दोनदा चुकला.

"तुमचे नियम आम्ही एकही दिवस चुकवले नाहीत, सिस्टर," काकू म्हणाल्या. त्यात अभिमान होता. दुसरं काही नव्हतं. "ते म्हणायचे, सिस्टर शाबासकी देतील तुला. कधी नाही ते माझ्या हातून काहीतरी धड झालं."

सिस्टरने खाली बघून मान हलवली.

गुंडी कुठे दिसत नव्हती. सून सिस्टरला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तुमच्याशी बोलायचं होतं. गुंडी रडलीच नाही अजून. जेवते, अभ्यास करते, सांगितलेलं सगळं ऐकते. पण कुणी हाक मारली की दचकते. हाक मारून बोलवलं तर येत नाही. पांढरीफटक होते आणि जागच्या जागी उभी राहते. समोर जाऊन बोललं तर ठीक."

"हाक मारली की?"

"हो ना. आम्हाला काही कळत नाही. आम्ही सांगून सांगून थकलो, तुझी काही चूक नाही, तू कुठे काय केलंस. ती नुसती ऐकून घेते. तुमचं ऐकेल ती. तुम्ही घरातल्या सगळ्यांना कसं समजावलं होतं, तसं..." आणि सुनेचा आवाज फुटला.

पुन्हा तेच काम. घरात काहीतरी कायमचं बदललं आहे, आता ते घराच्या अंगवळणी पडायला हवं. सिस्टरला वाटलं, आपण खाली बसावं आणि या बाईसारखंच रडावं. ती म्हणाली, "मी बोलते."

खोकी न्यायला माणूस नंतर येणार होता. निघताना सून गुंडीच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सिस्टरमावशीला खालपर्यंत सोडून येतेस?" गुंडीने चप्पल घातली. अंगात तोच दोन खिशांचा फ्रॉक होता. जरा आखूड झाला होता.

दोघी जिना उतरायला लागल्या. गुंडी कठड्याला बोट लावत उतरत होती. प्रत्येक गजाला बोट टेकलं की मगच पुढची पायरी.

"शाळा कशी चाललीय?"

"बरी."

"दात आला नवीन?"

गुंडीने ओठ वर करून दाखवला. अर्धा आला होता.

मधल्या वळणावर उजेड कमी होता. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी घरात कपडे आपटल्याचा आवाज येत होता. तिथे गुंडी थांबली.

"सिस्टरमावशी, मी दार उघडलं नव्हतं."

"हो राणी. मला माहीत आहे."

"नाही. तुला नाही माहीत." तिने कठड्यावरचं बोट काढून घेतलं. "आजोबांनी मला हाक मारली होती."

सिस्टर दोन पायऱ्या खाली होती, त्यामुळे दोघींचे डोळे एका पातळीत आले होते. 

"आजी गच्चीत होती तेव्हा," गुंडी म्हणाली. ती हळू आणि नीट सांगत होती, वर्गात पाठ म्हणून दाखवावा तसं. "आधी 'गुंडी' म्हणाले. मग परत म्हणाले, पण अर्धंच. मी काही बोलले नाही. मास्क लावल्यावर बोलायचं नसतं ना. मला वाटलं ते विसरले. मग मी दाराला पाठ लावून बसले, म्हणजे कुणाला दाराला हातच लावता येणार नाही. मग ते पण गप्प बसले."

"हे... हे कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. आजी रडेल. आणि बाबा पण."

इतकी वर्षं इतक्या घरांमधून सिस्टर बोलत आली होती. आया, सासवा, घाबरलेले नवरे, हट्टाला पेटलेले म्हातारे, कुणासाठी कोणतं वाक्य ते तिच्या ओठांवर तयार असायचं. आत्ताही एक आलं. तिने गुडघे टेकले, गुंडीचे दोन्ही दंड धरले आणि ते म्हणून टाकलं. "हे बघ. तुझी काही, काही चूक नाही."

गुंडीने मान हलवली. मोठी माणसं तेच तेच बोलायला लागली की मुलं हलवतात तशी, समजूतदारपणे.

"बाबा पण तेच म्हणतात. पण त्यांना हाक माहीत नाही. तुला आता माहीत आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला समजून घ्यायचं होतं, बस. ज्या बाईने नियम दिला होता, तिलाच विचारायला ती एवढे दिवस थांबली होती. सिस्टरच्या बोटांखाली ते दंड काडीसारखे लागत होते.  पुढचा प्रश्न तिला आधीच दिसला. दार उघडायला हवं होतं म्हटलं तर हे पोर ते शेवटपर्यंत वाहत नेईल. नको होतं म्हटलं तर उद्या आणखी कुणी हाक मारेल आणि ही पुन्हा पाठ लावून बसेल. 

गुंडी जवळ सरकली. आवाज आणखी खाली आणून, तिने विचारलं,

"मावशी, आतल्या माणसाने हाक मारली, तर दार उघडायचं होतं का गं?"